बत्तीस लॉक

साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि बायको गॅसपाशी उभी होती. तिच्या मागून मी हात वर केला. डबा काढायला, दुसऱ्या कशालाही नाही. तिने एकदम मान आत ओढली, कोपर डोक्यावर धरलं आणि ओट्याला चिकटून उभी राहिली. एवढंच झालं. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि माझा हात डब्यावर तसाच राहिला. "काय झालं?" मी विचारलं. "कुठे काय," ती म्हणाली आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. माझ्याकडे न बघता पुसत राहिली, पुसून झालेलं परत पुसत राहिली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय राक्षस आहे? माझ्याच घरात मला साखर घ्यायची चोरी? डबा मी ओट्यावर असा आपटला की झाकण उडून थेट सिंकमध्ये गेलं, आणि त्या आवाजालाही ती दचकली. म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हताच, हिला दचकायची सवयच लागली होती, असं मी मनाशी पक्कं केलं. एकदा माझा हात उठला होता तिच्यावर. एकदाच. कुठल्या दिवशी, कशावरून, सगळं मला ठाऊक आहे, आणि त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी अगदी गोड बोलत होतो. एका थपडेवर माणूस किती वर्षं दचकणार? चहा न घेताच मी घराबाहेर पडलो.

वर्कशॉप चालत दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं ते कोपर माझ्या डोळ्यांपुढे होतं. गाऊनची बाही वर सरकलेली, कोपराचं हाड टोकदार, आणि त्याच्या आड अर्धा चेहरा, मिटलेल्या डोळ्याचा. रस्त्यात एक स्कूटरवाला मला घासून गेला तर मी त्याच्या मागच्या डिकीवर एवढ्या जोरात थाप मारली की तो पुढे जाऊन थांबला, वळून माझ्याकडे बघून काही न बोलता निघून गेला. लोक मला बघून असे निघून जातात. मला त्याचा अभिमान वाटायचा. शटर वर केलं तेव्हा मेहुण्याची गाडी आ वासून उभी होती, काल ठेवली तशीच. कॅम काढलेले, पट्टा काढलेला, कव्हर फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात. नवी स्प्रिंगं बाकावर खोक्यात होती. बाहेर एक, तिच्या पोटात दुसरी, अशी दुहेरी. अशी सोळा. मी एक उचलून मुठीत दाबून बघितली. दबली नाही. हाताला दुखलं, आणि बरं वाटलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला वेगाचं वेड आहे असं म्हणणं कमीच, वेगालाच त्याचं वेड लागलंय असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जायचा आणि सोमवारी येऊन इंजिनाच्या तक्रारी सांगायचा, जसे काही लोक पोटाच्या सांगतात. दोन महिन्यांपूर्वी मीच त्याला मोठ्या उंचवट्याचा कॅम बसवून दिला होता. कॅमचं काम व्हॉल्व्ह उघडायचं. त्यात काही मर्दुमकी नाही, लोखंड लोखंडाला ढकलतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. खरी कसोटी मिटण्याची, आणि ते काम स्प्रिंगचं. गाडी मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढे गेली की कंपनीच्या जुन्या स्प्रिंगांना दम लागायचा. व्हॉल्व्ह वेळेत मिटायचा नाही, उघडाच तरंगत राहायचा, आणि खालून पिस्टन यायचा. अजून आदळला नव्हता, पण आदळणार होता. म्हणून नवी, कडक, दुहेरी स्प्रिंगं. प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर एक टोपी, आणि ती टोपी व्हॉल्व्हच्या दांडीला धरून ठेवायला दोन लॉक, चिरलेल्या अर्ध्या नळीसारखे, करंगळीच्या नखाएवढे. सोळा व्हॉल्व्ह, बत्तीस लॉक, स्प्रिंगांबरोबर तेही नवे बसवायचे. एवढ्याशा त्या तुकड्यांवर सगळं इंजिन उभं असतं. माणूस म्हणजे स्प्रिंग वगैरे असलं काही मी बोलणार नाही. माणूस माणूस असतो आणि स्प्रिंग स्प्रिंग. स्प्रिंग किती दाबली की किती जोराने परत येईल हे मला काट्यावर सांगता येतं.

इंजिनाचं हेड न खोलता स्प्रिंग बदलायची असेल तर व्हॉल्व्हला खालून आधार लागतो, नाहीतर स्प्रिंग काढली की तो सिलिंडरमध्ये पडतो. काही जण आत हवा भरतात. मी दोरी भरतो. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, शेपूट बाहेर ठेवायचं, आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून घट्ट दाबून धरतो. दोरी माझ्या बापाची. चार हात लांब, तेल पिऊन काळी आणि जड झालेली. ह्या कामात बापाचे दोन नियम होते. शेपूट आत जाऊ द्यायचं नाही, हा एक. आणि लॉक दोघांनी मोजायचे, मोठ्याने, काढताना आणि बसवताना, हा दुसरा. एकटा माणूस त्याला पाहिजे तेवढंच मोजतो, असं तो म्हणायचा. दुसरा माणूस म्हणजे मी. आणि हीच दोरी माझ्या पाठीवर पडायची तेव्हाही नियम तोच असायचा. त्याने मारायचं, मी मोजायचं. आकडा चुकला की पहिल्यापासून. एकदा मी रडता रडता तेरा गाळून चौदा म्हणालो आणि सगळे परत खाल्ले. ती दोरी हवेतून येताना आवाज करत नसे, पडल्यावरच कळायची. नंतर शर्टाला पाठभर तेलाच्या रेघा, आणि आई त्या साबणाने घासताना कधी वर बघायची नाही. बापाने मला दिलेले सगळे फटके मला आजही वर्षवार सांगता येतील. बाप गेला तेव्हा त्याची बाकीची हत्यारं मी वाटून टाकली. दोरी खिळ्यावर राहिली. चांगली दोरी होती.

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मोजायला बायको यायची. मी बसवायचो, ती मोजायची. चार चारच्या ढिगांनी, बोटाने हलकेच सरकवत. आकडा म्हणताना तिचा आवाज जरा गाणं म्हटल्यासारखा व्हायचा आणि शेजारचा लेथवाला तिकडून ओरडायचा, "वहिनी, माझेही मोजून जा!" मग ती यायची बंद झाली. तो पान्याचा प्रकार झाला त्यानंतर. पाना मी भिंतीवर फेकला होता, तिच्यावर नाही. भिंतीवरून उडून तो तिच्या नडगीला लागला ह्यात माझी काय चूक? पहिल्या सिलिंडरात दोरी भरताना मला हे आठवत होतं. दाराचंही आठवत होतं, म्हणजे मी दार आपटलं आणि तिची बोटं त्यात होती, ते. तो तर सरळ अपघात. आणि एकदा मी तिचे केस धरले होते, पण धरणं म्हणजे मारणं नव्हे. मी पहिली टोपी दाबली, चुंबकाने दोन लॉक उचलले, पत्र्याच्या ताटलीत टाकले आणि मोठ्याने म्हणालो, "एक, दोन." लेथवाल्याला हाक मारावी असं मनात आलं होतं. नाही मारली. आज मला कोणी शेजारी नको होतं.

मेहुणा अकराच्या सुमाराला आला. तोवर माझी दोन सिलिंडरं झाली होती. त्याने टायरवर उगाच लाथ मारली, बाकावरची स्प्रिंग उचलून बघितली, खाली ठेवली. नेहमी आला की त्याचं तोंड चालू असायचं. आज गप्प होता. मी तिसऱ्यात दोरी भरली, दाबायचा दांडा टोपीवर बसवला आणि जोर दिला. तो म्हणाला, "भावजी, संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"होईल. का?"

"ताई येतेय माझ्याबरोबर. गाडी झाली की इथूनच निघू म्हणतो."

"किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

तो शटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परवा तिचा खांदा बघितला मी. आई रडली."

माझ्या हातात दीड हात लांब लोखंडी दांडा होता. तो त्याच्या जबड्याला नेमका कुठे बसेल, कुठला दात आधी सुटेल, पडताना त्याचं डोकं बंपरला लागेल का फरशीला, आणि फरशीला लागलं तर कसला आवाज होईल, हे सगळं मला इतकं स्वच्छ दिसलं की दांड्यावरचा माझा जोर हलला. टोपी निसटली. स्प्रिंग सुटून माझ्या भुवईवर बसली आणि तिथून वर उडून ट्यूबलाइट फोडून गेली. काचा दोघांवर पडल्या. डोळ्यात रक्त उतरलं आणि समोरचा मेहुणा लाल झाला. तो रुमाल घेऊन पुढे आला. "भावजी, बघू, दाबून धरा—" मी त्याला दोन्ही हातांनी छातीत असा ढकलला की तो शटरच्या खांबावर जाऊन आदळला आणि सगळं शटर वाजलं. पलीकडचं लेथ थांबलं. "बाहेर हो," मी म्हणालो. "काम झालं की बोलावीन." तो गेला. जाताना त्याने खांदा चोळला, पण वर हात केला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. मारलं असतंस तर बरं झालं असतं रे, असं मी रिकाम्या शटरकडे बघून म्हणालो.

भुवईला चिंधी बांधली, काचा झाडल्या, उडालेले दोन लॉक जमिनीवर रांगत शोधून काढले. ते तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे. उजेडात धरून बघितले तर एकाला केसाएवढी भेग गेली होती. असा लॉक माझ्या वर्कशॉपमध्ये कचऱ्यातही ठेवत नाहीत, हातोड्याने ठेचून मग टाकतात, चुकून कोणाच्या हाती लागू नये म्हणून. मी तो हातात धरून बराच वेळ बसलो. मग नवी स्प्रिंग बसवली, टोपी ठेवली, दाबली, आणि दांडीच्या खाचेत तोच जुना जोड बसवला. नवा जोड शर्टाच्या खिशात टाकला. गाडी सुरू होणार होती. गल्लीतून, चौकातून नीट जाणार होती. साडेसहा हजारांपर्यंत कोणाला काही कळणार नव्हतं, आणि मेहुण्याला साडेसहा हजारांवर थांबवणारा अजून जन्मायचा होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिसऱ्या गिअरला तो लॉक फुटला असता, व्हॉल्व्ह आत पडला असता, पिस्टनने त्याला चिरडलं असतं, आणि इंजिन आवळलं की त्या वेगात पुढची चाकं जागच्या जागी जाम. ती त्याच्या शेजारी बसणार होती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मला सांगता येईल. पण आलं होतं. लॉक खाचेत बसल्याचा बारीक आवाज आला तेव्हा मला तीच दिसली, गॅसपाशी, कोपर डोक्यावर धरलेली. घे आता, दचक, असं मी मनात म्हणालो. आणि मला शांत वाटलं, सकाळपासून पहिल्यांदा.

नंतरचं काम मी झटपट उरकलं. चौथं सिलिंडर, मग कॅम, मग पट्टा, खुणेला खूण लावून. दोरी काढून खिळ्यावर टांगली. क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, कुठे काही अडलं नाही. कव्हर लावलं. साडेचारला मेहुण्याला फोन केला. स्टार्टर मारला तर गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि मांजरासारखी गुरगुरत राहिली. मी ती बंद केली. मेहुणा आला, इंजिनाकडे बघून त्याचा चेहरा क्षणभर खुलला, मग पुन्हा पडला. त्याच्या मागून ती आली. हातात एकच बॅग, आमच्या सगळ्या प्रवासांची, चेन बिघडलेली, म्हणून ओढणीने बांधलेली. गेली सहा वर्षं ती इथे आली नव्हती. तिने आत पाऊल टाकलं, फुटलेल्या ट्यूबकडे बघितलं, माझ्या भुवईकडे बघितलं. "लागलं?" तिने विचारलं. तिच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं असावं.

"एवढं काय झालंय?" मी म्हणालो. "एकदा हात उठला माझा. कधी काळी. त्यावरून घर सोडून जायचं?"

बाकावर जुन्या लॉकची ताटली होती, तिच्यापाशी जाऊन ती उभी राहिली. बॅग एका हातात, आणि दुसऱ्या हाताचं बोट आपोआप सरकायला लागलं. चार. चार. चार. मी बघत होतो. सात ढीग झाले आणि दोन उरले. तिने ढीग मोडले आणि परत मोजले.

"तीसच आहेत," ती म्हणाली.

"घरंगळले असतील दोन."

"तुमच्या हातून कधी घरंगळत नाहीत." मग माझ्याकडे वळून, "कोणी मोजले तुमच्याबरोबर?"

"मीच मोजले."

"एकट्यानेच?"

माझा हात वर गेला. मी तो उचलला नाही, तो गेला. मेहुणा शटरपाशी होता, त्याला पोचायला चार पावलं लागली असती. ती वाकली नाही. कोपर वर आलं नाही. बॅग खाली न ठेवता ती माझ्या त्या हाताकडे बघत म्हणाली, अगदी पूर्वी लॉक मोजायची त्याच आवाजात, "अकरा झालेत. हा बारावा."

हात तसाच वर राहिला. सकाळी डब्यावर राहिला होता तसा. अकरा कसले? मला एकदम ओरडायचं होतं की तुझं चुकलंय, की मला मोजणी शिकवू नकोस, मी दोरीखाली मोजायला शिकलोय. पण तिचं मोजणं मी सहा वर्षं ऐकलं होतं. ते एकदाही चुकलं नव्हतं. हात खाली आला आणि शर्टाच्या खिशात गेला. नवा जोड काढून मी बाकावर ठेवला. तिने तो बघितला, ताटली बघितली, गाडी बघितली. तिला सगळं समजायला तेवढं पुरलं.

"कुठल्यात?"

"तिसऱ्यात. एक्झॉस्टला. भेग गेलेला आहे."

"मी बसणार होते त्यात."

"हो."

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो.

मेहुण्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो आला. पहिला ठोसा नाकावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला कवटीतून ऐकू आला. दुसरा कानावर. तिसऱ्याला मी बाकावर पडलो आणि ढीग, ताटली, पाने सगळं खाली आलं. त्याने मला कॉलर धरून उठवलं आणि तेलाच्या पिंपावर आपटलं, एकदा, दोनदा. मग गुडघा पोटात. माझे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. एवढं सोपं असतं ते, हात खाली ठेवणं, हे मला त्या वेळी कळलं. मी मोजत होतो. नऊ झाले तेव्हा ती म्हणाली, "बास." तो थांबला, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त धाप लागली होती. तो रडत होता. "पोलिसांत देतो ह्याला," तो म्हणाला. "चल ताई, टॅक्सीने जाऊ."

"गाडी ह्यांच्याकडे ठेवून?" ती म्हणाली. "उद्या तू एकटा न्यायला येशील." मग मला, "उघडा. मी मोजते."

दीड तास लागला. कव्हर, पट्टा, कॅम, सगळं परत. नाकातलं रक्त इंजिनात पडू नये म्हणून मी तोंडावर फडकं बांधलं होतं आणि तोंडानेच श्वास घेत होतो. तिने जमिनीवर सांडलेले लॉक एकेक करून गोळा केले. मग खिळ्यावरची दोरी काढली, माझ्याकडे न देता स्वतःच प्लगच्या भोकातून आत सोडली आणि शेपूट मुठीत धरून उभी राहिली. मी क्रँक फिरवला, टोपी दाबली, भेगेचा जोड काढला. तिने तळहात पुढे केला. मी तो जोड त्यावर ठेवला. "एकतीस, बत्तीस," ती म्हणाली. नवा जोड बसवला तो तिने टॉर्च लावून जवळून बघितला, नखाने टोकरून बघितला. सगळं परत लागल्यावर क्रँकचे दोन फेरे तिने मेहुण्याला फिरवायला लावले. भेगेचा जोड तिने रुमालाच्या टोकाला गाठ मारून पर्समध्ये ठेवला. तो कशासाठी ते मी विचारलं नाही. दोरीचं वेटोळं करून तिने माझ्या हातात दिलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. मी शटरमध्ये उभा राहून ऐकत होतो. चौकात दुसरा गिअर. मग मोठा रस्ता, तिसरा, आणि मेहुण्याने पाय दाबला असावा, कारण आवाज चढत गेला. सहा हजार, साडेसहा, सात. कुठे फडफड नाही, कुठे अडखळ नाही, शेवटपर्यंत एकसंध, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा लेथवाला त्याच्या दारात आला, माझ्या तोंडाकडे बघून काही न बोलता आत गेला. मी बाकावर बसलो. दोरी मांडीवर होती. मोठ्याने मोजायला लागलो. थप्पड, एक. दारातली बोटं, दोन. पाना, तीन. केस, चार. जिन्यातला तो धक्का, पाच. तिच्या मावशीकडून येताना गाडीत, सहा. खांदा, सात. सातावर अडलो. बराच वेळ बसलो, पण पुढचा सापडेना. चुकलं की पहिल्यापासून, म्हणून पहिल्यापासून मोजले. परत सातच झाले. उरलेले चार कुठले ते तिलाच माहीत होतं. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.